मागचे रुंद, पुढचे अरुंद

टाटा नॅनोच्या चार चाकांवर दोन वेगवेगळ्या मापांचे टायर असतात, हे नॅनो चालवणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसतं. पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. ही जोडी आपल्या रस्त्यांवरच्या दुसऱ्या कुठल्याही ओळखीच्या गाडीला नाही. गाडी बनत होती तोवर टायरही मिळत होते. २०१८ मध्ये उत्पादन थांबलं आणि पुढच्या काही वर्षांत, निदान आमच्या भागात तरी, मागच्या चाकाचं माप दुकानांतून दिसेनासं झालं.

मी साताऱ्यात राहते, मेढ्याच्या बाजूला एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि २०१२ साली घेतलेली पिवळी नॅनो अजून रोज चालवते. जावळीतला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जुलैत वळणावर डोंगरावरून वाहून आलेली तांबडी माती पसरलेली असते, समोरून एसटी येते, तिला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरावं लागतं. अशा वेळी गाडीचा रस्त्याशी संबंध तो किती? प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढं रबर. तेवढ्यावर मी आणि माझ्याबरोबर येणाऱ्या सहकारी शिक्षिका विसंबून असतो. त्यामुळे टायरच्या बाबतीत ‘मिळेल तो टाका’ हे मला कधीच पटलं नाही.

टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. नक्षी झिजत झिजत त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. कायद्याची मर्यादाही तीच. माझ्या मागच्या दोन्ही टायरची नक्षी तिथवर आली होती, आणि पावसाळा तोंडावर होता.

साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या दुकानातल्या काकांनी खाली बसून टायरवरचा आकडा वाचला आणि लगेच म्हणाले, “मॅडम, हा आता येत नाही. चारी चाकांना मारुती एटहंड्रेडचा टाकून घ्या. सगळे नॅनोवाले तेच करतात.” पुढच्या दुकानात तोच सल्ला. आणखी एके ठिकाणी, “छोटा हत्तीचा बसतोय की! बाराचाच हाय तो बी.” एका मोठ्या, काचेच्या शोरूममध्ये तरुण मुलाने संगणकात गाडीचं नाव घातलं, पडद्यावर काहीच आलं नाही, तेव्हा त्याने फार नम्रपणे सुचवलं की आता गाडीच बदललेली बरी. त्याच्या नम्रतेबद्दल तक्रार नाही. पण इंजिन ठणठणीत, पत्रा शाबूत, ब्रेक चोख, आणि दोन टायरसाठी गाडी मोडीत काढायची, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटलं.

घरी येऊन कागद घेतला. टायरच्या मापातला पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या शेकडा किती ते सांगणारा. तिसरा रिमच्या व्यासाचा, इंचांत. तिन्ही एकत्र केले की चाकाची खरी उंची निघते. माझा मागचा टायर: १५५ चे ६५ टक्के म्हणजे १००.७५, वरची आणि खालची भिंत मिळून २०१.५, त्यात बारा इंचांचे ३०४.८. एकूण ५०६.३ मिलिमीटर. पुढचा याच रीतीने ४९३.८. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ निघतो ५०७.८. म्हणजे माझ्या मागच्या चाकापेक्षा जेमतेम दीड मिलिमीटर उंच. काका सांगत होते त्याला आधार होता. जुन्या अल्टोचा १४५/८० मात्र ५३६.८, तब्बल तीस मिलिमीटर जास्त. छोटा हत्तीचा १४५ आर १२ त्याहूनही उंच, शिवाय तो मालवाहू गाडीचा, कडक भिंतीचा टायर. सहाशे किलोच्या गाडीखाली तो दबणारच नाही. खड्ड्यातून गाडी उडवेल आणि ओल्या डांबरावर पकड देणार नाही. रिमवर बसतो म्हणून चालतो, असं नसतं.

उंची जुळली. प्रश्न रुंदीचा होता, आणि त्यासाठी ही गाडी बनवणाऱ्यांनी मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर का दिले, ते आधी समजून घ्यावं लागलं.

नॅनोचं इंजिन मागे, मागच्या सीटखाली. दोन सिलिंडरचं, ६२४ सीसीचं. ओढही मागच्याच चाकांना. निम्म्याहून जास्त वजन मागे. अशी गाडी वळणावर वेगात गेली की जड शेपूट बाहेर फेकली जायला बघते. मागच्या टायरची पकड पुढच्यापेक्षा आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि तिला सावरायला सराईत हात लागतो. तोही दरवेळी पुरतोच असं नाही. उलट पुढच्या टायरची पकड आधी सुटली तर गाडी फक्त वळणाबाहेर सरकायला लागते. चालवणारा घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वेग उतरतो, पुढची चाकं पुन्हा धरतात. घाबरलेल्या माणसाचा पाय जे आपोआप करतो तेच इथे बरोबर ठरतं. म्हणून पुढे मुद्दाम अरुंद, मागे मुद्दाम रुंद. मॅन्युअलमध्ये हवेचे आकडेही म्हणूनच वेगळे दिलेत, मागे जास्त. चारी चाकांना एकच टायर लावला की ही सगळी योजना पुसली जाते. गाडी रोज नीटच चालते, फरक कळतही नाही. कळेल तो एखाद्या दिवशी पावसात, वळणावर, अचानक आडवं काही आलं तर.

पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या, स्कूटरवरून थेट स्टिअरिंगवर येणाऱ्या माणसाचा इतका बारीक विचार कुणीतरी केला होता, हे कळल्यावर मला त्या गाडीबद्दल नव्याने आदर वाटला. पावसात एका स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून रतन टाटांना ही गाडी सुचली, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती पहिल्यांदा दिसली, २३ मार्च २००९ ला मुंबईत विक्रीसाठी जाहीर झाली, आणि पहिल्याच फेरीत दोन लाखांवर लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. गाडीवरचं काम मुख्यतः पुण्यातलं. टाटा मोटर्सच्या गिरीश वाघांच्या हाताखालच्या ज्या मंडळींनी ते केलं, त्यांनी प्रत्येक रुपया आणि प्रत्येक ग्रॅम मोजला. वायपर एकच. चाकाला चाराऐवजी तीन नट. रिम बारा इंची, कारण लहान चाकाला पोलाद कमी, रबर कमी, वजनही कमी. आणि इतकी काटकसर करताना त्यांनी टायरच्या बाबतीत मात्र सोपी वाट घेतली नाही. चारी चाकांना एकच माप ठेवलं असतं तर खरेदी, साठा, स्टेपनी, सगळं सोपं झालं असतं. तिथे त्यांनी दोन मापं ठेवली. स्वस्त गाडीतली ही महागडी गोष्ट आज माझ्या डोक्याला ताप झाली आहे, तरीही ती बरोबर होती असंच मी म्हणेन.

यातून एक वेगळीच अडचण तयार होते. इतर गाड्यांचे टायर पुढचे मागे, मागचे पुढे असे फिरवता येतात. चारही साधारण एकदम झिजतात आणि एकदम बदलता येतात. नॅनोत ते जमत नाही. मागचे टायर इंजिनचं ओझं वाहतात, ओढही तेच लावतात, म्हणून ते झिजून मरतात. पुढच्यांवर भार इतका कमी की नक्षी तशीच राहते आणि रबर म्हातारं होतं, भिंतीवर केसासारख्या चिरा पडतात. दोघांचं आयुष्य वेगळं, मरणाचं कारण वेगळं. दुकानदाराला चारांचं गिऱ्हाईक हवं असतं. नॅनोवाला नेहमी दोन मागायला येतो, तेही असं माप जे दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही. त्याने ते दुकानात आणून का ठेवावं?

पुण्यात नाना पेठेत एका घाऊक व्यापाऱ्यांकडे गेले तेव्हा त्यांनी याचंच पुढचं टोक दाखवलं. शेठ वयस्कर, शांत. म्हणाले, “ताई, माल येतो तेव्हा येतो. लॉट निघाला की चार दिवसांत संपतो. मग पुन्हा कधी निघेल ते मला विचारू नका.” टायर कसा बनतो ते पाहिलं तर त्यांचं म्हणणं कळतं. कच्चा टायर शेवटी पोलादी साच्यात घालून दीडशे अंशांच्या वरच्या उष्णतेत आणि दाबाखाली शिजवावा लागतो. नक्षी, आकडे, कंपनीचं नाव, सगळं त्या साच्यातून उमटतं. प्रत्येक मापाला, प्रत्येक नक्षीला वेगळा साचा. दुर्मिळ मापाचा साचा प्रेसवर चढवला की तेवढा वेळ खपाचं माप थांबतं. चौदा, पंधरा, सोळा इंची टायरना मागणी असताना कुठला कारखाना बारा इंचीसाठी प्रेस अडवील? बाहेरून मागवावा तर जून २०२० पासून नव्या टायरची आयात परवान्याखाली आली आहे. देशी कारखान्यांना आधार म्हणून ते ठीकच आहे. पण ज्या मापांचा देशात खपच उरलेला नाही, त्यांच्यासाठी एखादी फट ठेवायला हवी होती, असं मला वाटतं.

हे फक्त गरिबाच्या गाडीचं दुखणं आहे असं मात्र नाही. युरोपातल्या दोन सीटच्या ‘स्मार्ट’ या गाडीलाही इंजिन मागे, म्हणून मागे १७५/५५ आर १५ आणि पुढे त्याहून अरुंद. तिकडचे मालकही त्या मागच्या मापासाठी वणवण करतात. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आणलेल्या आय३ या इलेक्ट्रिक गाडीला १५५/७० आर १९ असा सायकलसारखा उंच-बारीक टायर दिला, तो सुरुवातीला ब्रिजस्टोनशिवाय कुणाकडे नव्हता. मिशेलिनने १९७५ साली टीआरएक्स नावाचे टायर काढले, त्यांचे रिमच मिलिमीटरमध्ये, ३९० वगैरे. साधा इंची टायर त्यावर बसूच शकत नाही. ती पद्धत मागे पडून कितीतरी वर्षं झाली, तरी जुन्या गाड्या जपणाऱ्यांसाठी मिशेलिन तिचे टायर अजून थोडे थोडे बनवतं, आणि ते महाग असतात. पण त्या गाड्या जपणाऱ्यांकडे पैसा आहे, हौस आहे. नॅनो जपणाऱ्यांमध्ये शिक्षक आहेत, छोटे दुकानदार आहेत, पेन्शनवर जगणारे आजोबा आहेत. त्यांना गाडी प्रदर्शनात मांडायची नाही, बाजारातून भाजी घेऊन यायचंय.

नाना पेठेत एक जोडी निघालीही. धूळ पुसली, नक्षी पूर्ण, भाव अगदी माफक. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. इथे शेवटचे दोन होते १७. म्हणजे २०१७ चा माल. एकदाही न वापरलेला टायरही म्हातारा होतोच. रबराला ओझोनपासून जपणारी द्रव्यं हळूहळू संपतात, रबर कडक होतं, आणि ओल्या रस्त्यावर पहिली पकड जाते ती अशा टायरची. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे वापरू नका, असं टायर कंपन्याच सांगतात. शेठनी आग्रह केला नाही. “डेट बघणारं गिऱ्हाईक कमी येतं,” एवढंच म्हणाले आणि जोडी परत वर टाकली. ती पुढे कुणी घेतली असेल का, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. दुर्मिळ माप शोधणाऱ्या प्रत्येकाला मी हे हात जोडून सांगेन: माप मिळाल्याच्या आनंदात तारीख वाचायची राहू देऊ नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले टायरही मिळतात, भाव ऐकून मोह होतो. पण कुठल्या अपघाताच्या गाडीवरून ते उतरले, आतून धागा तुटलाय का, हे बाहेरून कळत नाही. मी तिकडे टायरसाठी गेले नाही.

मग पुन्हा पोवई नाका. यावेळी हिशेबाचा कागद घेऊन गेले. काकांना म्हटलं, मारुतीचा टायर वापरायचाच झाला तर चारी चाकांना नको. फक्त मागे. मागची उंची जवळपास तीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. पुढे १३५, मागे १४५, म्हणजे फरक वीसाचा दहा झाला, पण मागचं रुंद हे सूत्र टिकलं. काका कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांनी कित्येक नॅनोंना चारही बदलून दिले होते. मग त्यांनी शेल्फवरून मारुतीचा टायर खाली काढला, त्यावरचं ६९ मला दाखवलं आणि विचारलं, “आणि वजनाचं काय?” प्रश्न अचूक होता. भाराच्या तक्त्यात ६९ म्हणजे एका टायरला ३२५ किलो, आणि माझ्या मूळच्या मागच्या टायरवर आहे ७१, म्हणजे ३४५. दोन चाकांत मिळून चाळीस किलो कमी. शिवाय पुढच्या-मागच्या रुंदीत उरलेला दहा मिलिमीटरचा फरक पावसात कमी पडणारच. म्हणजे हा उपाय तात्पुरता, कोरड्या रस्त्यासाठी, मागच्या सीटवर कुणी न बसता. आम्ही दोघं त्यावर एकमत झालो, आणि त्या दिवसापासून काका माझ्याइतकेच या शोधात पडले. घाऊकवाल्यांना त्यांनी स्वतः फोन लावले. वितरकाच्या माणसाला मापाचे आकडे दोनदा म्हणायला लावून लिहून घ्यायला सांगितले. टायर विकणाऱ्या माणसाला आपल्या कामाची अशी आच असली की गिऱ्हाईकाचं अर्धं काम झालेलं असतं.

पावसाळाभर मी गाडी घरी ठेवून एसटीने शाळेत गेले. खरी जोडी आली ती दसऱ्याच्या सुमारास, चालू वर्षाच्या तारखेची, नाना पेठेतल्याच शेठनी पाठवलेली. मशीनवर चढवताना काकांनी नवे व्हॉल्व्ह घातले, बॅलन्सिंग केलं, मागची हवा मॅन्युअल बघून भरली. मेढ्याच्या रस्त्यावर पहिल्याच वळणात मला फरक जाणवला; मागची बाजू पुन्हा जमिनीला धरून होती.

पुढच्या टायरचं काम अजून बाकी आहे. भिंतीवर चिरा दिसायला लागल्यात. ते माप मागच्यापेक्षा सोपं जाईल असं काका म्हणतात. बॉनेटखाली पुढे ठेवलेली स्टेपनीही पुढच्याच मापाची आणि गाडीच्याच वयाची, तेव्हा दोन घेण्याऐवजी तीन घ्यायचे आहेत. मागे पंक्चर झालं तर ही अरुंद स्टेपनी लावून सावकाश पंक्चरवाल्यापर्यंतच जायचं, पुढे नाही. स्टेपनी नवी दिसते म्हणून कुणी तिची तारीख वाचत नाही. तुम्ही जरूर वाचा.

एक चांगली गोष्ट मध्यंतरी घडली आहे. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तेव्हा १४५/७० आर १२ हे मापही आज ना उद्या जाणार असंच वाटत होतं. पण २०२३ मध्ये आलेल्या एमजी कॉमेट या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला नेमकं तेच माप आहे. एका नव्या गाडीमुळे जुन्या मापाला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं, आणि ज्यांच्या घरी अजून मारुती आहे त्यांची सोय झाली. शहरात वावरणाऱ्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तशी बारा इंची चाकं पुन्हा येतील, अशी मला खरीखुरी आशा आहे. अशा एखाद्या गाडीला १५५/६५ हे माप मिळालं तर नॅनोची मागची चाकं सुटली.

तोवर वाट बघत बसायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. शेठ सांगत होते की दोन टायर मागितले की वितरक लक्ष देत नाही, एकगठ्ठा मागणी असली की फोन उचलतो. म्हणून काकांनी दुकानात एक वही ठेवली आहे. नॅनो हवा भरायला आली तरी तिचा नंबर, मागच्या टायरची तारीख आणि नक्षी किती उरली आहे ते त्यात लिहून घेतात. सातारा शहर, कोरेगाव, वाई, कऱ्हाडकडचेही काही मालक त्यात आलेत. ज्यांचे टायर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपतील त्यांची मागणी एकत्र करून दिवाळीनंतर पुण्याला पाठवायची आहे. माझ्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतात. नूतनीकरण करायचं हे नक्की आहे आणि तपासणीला गाडी चारही बरोबर मापाच्या टायरवर उभी करायची आहे. तुमच्या घरी नॅनो असेल तर आज खाली जाऊन मागच्या टायरची तारीख वाचा, आणि आपल्या गावच्या टायरवाल्याला अशी वही ठेवायला सांगा.